बीज आणि भूमी : पांडुरंग सदाशिव खानखोजे

मार्गशीर्ष महिन्यात सोलापुराहून मंगळवेढ्याच्या वाटेने गेल्यास दोन्ही अंगांस दृष्टी पोहोचेल तेथवर शाळूची हिरवीगार शेते डोलताना दिसतात. पाऊस केव्हाच परतलेला असतो. आकाशात ढग नसतो. विहिरीचे पाणी पुष्कळ शेतांस मिळत नाही. मग हे पीक जगते तरी कशावर? हस्ताच्या पावसाने काळ्या मातीच्या पोटात जी ओल साठवून ठेविलेली असते, तिच्यावर. आपला शेतकरी त्या ओलीच्या हिशेबानेच पेरणीचा दिवस धरतो, आणि पुढे कोळपे फिरवून जमिनीच्या भेगा बुजवितो, म्हणजे ती ओल वाऱ्याने उडून जाऊ नये.

ह्याच शेतकऱ्यास कोकणात नेऊन ठेविले तर त्यास भाताच्या खाचरातील चिखल तुडवावा लागेल. पंजाबात नेले तर कालव्याचे पाणी देऊन गहू पिकवावा लागेल. मनुष्य तोच, पण भूमी पालटली की बी पालटते, अवजार पालटते, आणि शहाणपणही पालटते. असे असता एका प्रांताच्या एकरी उत्पन्नाचा आकडा दुसऱ्या प्रांताच्या आकड्याशेजारी मांडून, एकास उद्योगी व दुसऱ्यास आळशी ठरविणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नाही. धान्य किती पिकले हे विचारण्यापूर्वी त्या भूमीस काय मिळाले आणि त्या बियाण्याच्या अंगी काय होते, हे विचारले पाहिजे. हा विचार ज्यांनी आपल्या आयुष्याचे कार्य मानिले, अशा एका महाराष्ट्रीय गृहस्थाचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव पुष्कळांच्या कानांवर असते. पण कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी केलेले काम आपल्याकडे तितकेसे ठाऊक नाही.

पांडुरंगाचा जन्म नोव्हेंबर १८८४ मध्ये वर्धा येथे झाला. प्राथमिक शिक्षण वर्ध्यास व पुढील नागपुरास झाले. त्याच्या बाळपणीचा काळ मोठा कठीण होता. १८९६-९७ साली आणि पुन्हा १८९९-१९०० साली देशात भयंकर दुष्काळ पडले, आणि मध्यप्रांतास या दोन्ही दुष्काळांची झळ फार तीव्रतेने लागली. पहिल्या दुष्काळाच्या वेळी पांडुरंग बारा वर्षांचा होता. दुसऱ्याच्या वेळी पंधरा. ज्या वयात मुले खेळतात त्या वयात त्याच्या भोवतालच्या मुलुखात माणसे अन्नावाचून मरत होती. शेतकऱ्याच्या दारीच धान्य नसावे, हे कोडे त्या पिढीच्या पुष्कळ तरुणांच्या मनास डाचत राहिले. कोणी त्याचे उत्तर परसत्तेत शोधिले, कोणी अज्ञानात. खानखोजे यांच्या आयुष्याची दिशा पाहिली म्हणजे असे दिसते की, त्यांनी ही दोन्ही उत्तरे खरी मानिली आणि दोहोंचाही पाठपुरावा केला.

लोकमान्य टिळकांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा पगडा होता. देश स्वतंत्र करावयाचा तर युद्धशास्त्र शिकले पाहिजे, या ध्यासाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा तरुण घर सोडून निघाला. जपानमार्गे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागला. तेथे कॅलिफोर्नियातील माउंट तमाल्पाइस या सैनिकी विद्यालयात त्याने लष्करी शिक्षण घेतले. परंतु हातात बंदूक धरण्याची विद्या शिकत असता त्याने दुसरीही एक विद्या धरिली, ती नांगराची. ऑरेगॉनचे कृषी महाविद्यालय आणि वॉशिंग्टन राज्याचे महाविद्यालय या संस्थांत त्यांनी शेतीशास्त्राचे उच्च शिक्षण पुरे केले.

वॉशिंग्टनचे महाविद्यालय पुलमन नावाच्या गावी आहे. त्याच्या सभोवार पलूस या नावाचा टेकड्यांचा प्रदेश पसरला आहे, आणि तो गव्हासाठी प्रसिद्ध आहे. तेथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो. हिवाळ्यात जो पाऊस व जे बर्फ पडते त्याची ओल जमीन पोटात धरून ठेविते, आणि त्या ओलीवर गहू पिकतो. त्याच्या पश्चिमेस अधिक कोरडा भाग आहे. तेथे तर शेतकरी एक वर्ष जमीन पडीक ठेवून, वरचेवर कुळवून, दोन वर्षांची ओल एका पिकास देतात. आपल्या सोलापुरी शाळूशी याचे किती साम्य आहे पाहा! देश निराळा, धान्य निराळे, हवा तर अगदीच निराळी. पण कोरडवाहू शेतीचा धर्म तोच. पाऊस पडला किती यापेक्षा तो जमिनीत राहिला किती, यावर तेथे धान्याचे माप ठरते.

परंतु शेतीचे हे शिक्षण तूर्त बाजूस राहावयाचे होते. त्या वेळी त्या किनाऱ्यावरील लाकूडकापीच्या गिरण्यांत व शेतांवर हजारो पंजाबी मजूर राबत होते. खानखोजे त्यांच्यात मिसळले, आणि पोर्टलंड येथे त्यांनी हिंदी स्वातंत्र्याचे कार्य करणारी एक संघटना उभी केली. पुढे लाला हरदयाळ, सोहनसिंग भाकना आदींच्या खटपटीने गदर पक्ष स्थापन झाला, आणि १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथून त्याचे पत्र निघू लागले. पक्षाची जी सशस्त्र शाखा होती तिच्याशी खानखोजे यांचा निकट संबंध होता. याच पक्षातील दुसरे महाराष्ट्रीय तरुण, तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे, हे हिंदुस्थानात परतले, पकडले गेले, आणि १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरच्या तुरुंगात फाशी गेले.

पहिले महायुद्ध पेटल्यावर खानखोजे तुर्कस्थानमार्गे इराणात शिरले. इंग्रजांच्या फौजेतील हिंदी शिपायांस आपल्या बाजूस वळवावे आणि पश्चिमेकडून हिंदुस्थानच्या सीमेवर जाऊन धडकावे, असा तो बेत होता. वाळवंटात लढाया झाल्या; जखमा झाल्या; ते इंग्रजांच्या हाती सापडले, आणि तेथून निसटलेही. पण बेत फसला. युद्ध संपले तेव्हा मायभूमीची दारे त्यांस बंद झालेली होती. ते बर्लिनला गेले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त इत्यादी मंडळींबरोबर मॉस्कोसही जाऊन आले. तेथूनही हाती काही लागले नाही. चाळिशी जवळ आली होती. पदरी पैसा नव्हता. घरी परतावे तर तुरुंग किंवा फास ठरलेला.

मनुष्याच्या आयुष्यात असा एक प्रसंग येतो की, ज्याच्यासाठी सर्वस्व वाहिले ते हातून निसटून जाते, आणि मागे उरते ते केवळ आपण शिकून ठेविलेले काम. पुष्कळजण अशा वेळी कडवट होतात. खानखोजे यांनी बाजूस ठेविलेला नांगर पुन्हा उचलला. १९२४ साली ते मेक्सिको देशास गेले. रामॉन दे नेग्री या मेक्सिकन मुत्सद्द्याची ओळख तेथे कामी आली. आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते अध्यापक झाले. स्पॅनिश भाषेत अध्यापन करावयाचे होते, तेव्हा ती भाषाही त्यांनी आपलीशी केली.

मेक्सिकोची त्या वेळची स्थिती समजल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. १९१० साली तेथे मोठी राज्यक्रांती सुरू झाली होती. जमीनदारांच्या अफाट वाड्या मोडून गावकऱ्यांस जमीन द्यावी, असे १९१७ च्या राज्यघटनेत ठरले. चापिंगोचे विद्यालय ज्या वास्तूत आले तीही अशाच एका जुन्या जमीनदारी वाडीची. परंतु जमीन मिळाली म्हणजे भाकरी मिळाली असे होत नाही. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबलेल्या कुळाच्या हाती जमिनीचा तुकडा आला. पण उत्तम बी, खत, चांगले अवजार आणि विद्या ही कोणी दिली नव्हती.

तेथील गरिबाचे अन्न मका. आपल्याकडे भाकरी तशी तेथे मक्याची तोर्तिया. ती नाही तर जेवण नाही. मका हे धान्य मूळचे त्याच देशातले, तेथूनच ते साऱ्या जगात गेले. शेतकरी आपल्याच कणगीतील बी दर वर्षी पेरी. आता मेक्सिकोची भूमी एकसारखी नाही. चापिंगो समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच अशा पठारावर आहे. तेथे पावसाचे महिने मोजके, आणि शरदऋतूत दहिवर गोठून पीक करपण्याचे भय. आखाताच्या किनाऱ्यावर मात्र दमट उष्मा व मुसळधार पाऊस. उत्तरेस जावे तर कोरडे माळ. किनाऱ्यावरचे जोमदार बी पठारावर नेऊन लाविले तर कणीस भरण्यापूर्वीच थंडी त्यास गाठते. आणि पठारावरचे बी किनाऱ्यावर नेले तर त्यास तेथील उष्ण दमट हवा मानवत नाही. तेव्हा देशातील उत्तम बी कोणते, हा प्रश्नच चुकीचा होता. या भूमीस, इतक्या पावसास, इतक्या दिवसांच्या हंगामास उत्तम बी कोणते, हा खरा प्रश्न.

खानखोजे यांनी तो प्रश्न हाती घेतला. मक्याचे झाड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. शेंड्याला जो तुरा येतो तो नर. मधल्या पेऱ्याला जे कणीस धरते ती मादी, आणि कणसाच्या टोकास लोंबणारे जे केस, त्यांतील एकेका केसाच्या मुळाशी एकेक दाणा. तुऱ्यातील पराग वाऱ्याने उडून त्या केसांवर पडला की दाणा भरतो. कोणाचा पराग कोणास मिळाला हे वारा ठरवितो, म्हणून शेतातील बी सदा मिश्र राहते. शास्त्रज्ञ काय करतो? कणसाचे केस बाहेर येण्यापूर्वीच त्यावर कागदाची पिशवी बांधतो. निवडलेल्या झाडाच्या तुऱ्यातील पराग स्वतः गोळा करतो. आणि योग्य दिवशी आपल्या हाताने तो केसांवर शिंपडतो. मग त्या बीजाची पिढी पाहावयाची, त्यातून पुन्हा निवड करावयाची, आणि असे वर्षानुवर्षे चालवावयाचे. या कामात घाई चालत नाही, आणि खोटेपणाही चालत नाही. कारण शेवटी साक्ष शेतच देते.

चापिंगोच्या आसपास मक्याच्या शेतांच्या कडेने तेओसिंते नावाचे एक रानटी गवत उगवते. मक्याचा तो पूर्वजच होय. त्याला दाणे थोडे व टणक. परंतु अंगी काटकपणा मोठा. या रानटी पूर्वजाचा आणि लागवडीतल्या मक्याचा संकर करून खानखोजे यांनी तेओ-मका या नावाची नवी जात तयार केली. मक्याप्रमाणेच गव्हाकडेही त्यांनी लक्ष पुरविले. तांबेऱ्यास व अवर्षणास टिकाव धरतील अशा जाती मिळविण्याचा त्यांचा प्रयत्न होता. तीना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या प्रयोगांतील मक्याच्या कणसांची छायाचित्रे घेतली. दिएगो रिवेरा या जगद्विख्यात चित्रकारानेही त्यांस चिरंजीव करून ठेविले आहे. मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या भिंतीवर त्याने काढलेल्या एका चित्रात मेजाच्या शिरोभागी बसून सर्वांस भाकर मोडून देणारा जो पुरुष आहे, त्याची छबी खानखोजे यांची असल्याचे सांगतात.

पण माझ्या मते त्यांच्या कार्यातील सर्वांत मोठा भाग याहून निराळा आहे. सुधारलेले बी विद्यालयाच्या कोठीत राहिले तर कोणाचे पोट भरणार? म्हणून त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या. त्यांत फी नव्हती, प्रवेशपरीक्षा नव्हती. शेतमजुरांचा पुढारी एमिलियानो सापाता, जो १९१९ साली दग्याने मारला गेला, त्याचे नाव अशा शाळेस दिले गेले. शेतकऱ्याने बी कसे निवडावे, पेर केव्हा धरावी, रोग कसा ओळखावा, आणि शेजाऱ्यांशी सहकार करून आपले हित कसे साधावे, हे तेथे शिकवीत.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार करू. शेतीच्या उत्पन्नाचे माप दोन प्रकारे घेता येते. एक माप असे की, एकरी किती धान्य आले. या मापाने पाण्याखालची जमीन नेहमीच वरचढ ठरणार. दुसरे माप असे की, त्याच पावसात, त्याच मातीत, तितक्याच बैलांनी व खताने जास्तीत जास्त जितके पिकू शकते, त्यापैकी प्रत्यक्षात किती पिकले. पहिले माप भूमीच्या दैवाचे आहे. दुसरे माप शेतकऱ्याच्या कसबाचे. ज्याच्या शेतात पाचच पोती होणे शक्य होते आणि ज्याने साडेचार काढली, तो शेतकरी पंधरा पोत्यांच्या शेतातून आठ काढणाऱ्यापेक्षा अधिक कुशल होय. पहिल्याला अधिक धान्य हवे असेल तर नवे बी किंवा नवे पाणी दिले पाहिजे, केवळ उपदेशाने भागणार नाही. दुसऱ्याला मात्र विद्या दिली तरी पुष्कळ साधेल. खानखोजे यांच्या कार्याचे हे दोन हात होते. प्रयोगशेत हा एक, आणि मुक्त शाळा हा दुसरा. शेताची मर्यादा वाढविणे हे पहिल्याचे काम. त्या मर्यादेपर्यंत शेतकऱ्यास पोहोचविणे हे दुसऱ्याचे.

१९३६ साली त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन बाईंशी विवाह केला. त्यांस दोन कन्या झाल्या. त्यांपैकी सावित्री यांनी पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. संसार झाला, मान मिळाला, मेक्सिकोचे नागरिकत्व मिळाले. परंतु ज्या मातीसाठी घर सोडले ती माती दूरच होती. १९४३ साली बंगालात भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे अन्नान्न करीत मेली. त्या वेळी अन्नोत्पादनाच्या शास्त्रात केस पिकलेला हा पुरुष दुसऱ्या देशाच्या शेतात उभा होता. स्वदेशी पाऊल टाकण्याची त्यास मुभा नव्हती.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये मध्यप्रांताच्या सरकारने त्यांस शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलाविले. परंतु केवढा हा दैवदुर्विलास! इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव अद्याप तसेच राहिले होते. त्यामुळे स्वतंत्र हिंदुस्थानात प्रवेश करण्याची परवानगी त्यांस प्रथम नाकारण्यात आली. पुढे ती मिळाली. सुमारे चाळीस वर्षांनी त्यांनी नागपूर पाहिले. नंतर काही वर्षांनी ते सहकुटुंब नागपुरास येऊन राहिले. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. चापिंगोच्या पठारावर त्यांनी जे केले ते येथे पुन्हा पहिल्यापासून उभारण्यास लागणारी वर्षे आता हाती उरली नव्हती. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

याच सुमारास घडलेला एक योगायोग मनास चटका लाविणारा आहे. १९४४ साली नॉर्मन बोरलॉग हे अमेरिकन शास्त्रज्ञ मेक्सिकोत आले, आणि त्यांनी तेथे तांबेऱ्यास न बधणाऱ्या व बुटक्या ताटाच्या गव्हाच्या जाती सिद्ध केल्या. हे कार्य खानखोजे यांच्याहून स्वतंत्र होते. १९६६ साली हिंदुस्थान सरकारने त्या जातींचे अठरा हजार टन बी मेक्सिकोहून मागविले. म्हणजे वर्ध्याचा मुलगा ज्या देशात जाऊन बियाण्याची सेवा करून आला, त्याच देशाचे बी त्याच्या अखेरच्या वर्षी त्याच्या मायदेशी आले. पंजाब व हरियाणा प्रांतांत, कालव्याचे पाणी व खत यांच्या जोडीने, त्या गव्हाने चमत्कार करून दाखविला.

परंतु आपल्या सोलापूर जिल्ह्यात तो चमत्कार त्या रूपाने घडणे शक्य नव्हते. कारण त्या बियाण्यास जे पाणी हवे ते येथील बहुतेक शेतांपाशी नव्हते. ज्वारीच्या संकरित जातीही निघाल्या. पहिली १९६४ साली. परंतु ती पावसाळी हंगामाची होती. रब्बीच्या शाळूस दशकानुदशके आधार राहिला तो मालदांडी ३५-१ या जातीचा. आणि ही जात कोठून परदेशातून आलेली नव्हे, तर आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात, स्थानिक मालदांडी ज्वारीतून १९३० नंतरच्या दशकात निवडून काढलेली. याच दशकाच्या आरंभी, १९३३ साली, सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र निघाले. आणि जमिनीत ओल कशी मुरवावी व कशी राखावी याचा शास्त्रशुद्ध अभ्यास तेथे सुरू झाला. खानखोजे यांनी चापिंगोस जे तत्त्व धरिले, तेच तत्त्व मोहोळास व सोलापुरास, त्यांची गाठही न पडता, सिद्ध झाले. ते तत्त्व असे की, बीजाने भूमीस ओळखले पाहिजे.

२०२२ साली मेक्सिकोतील चापिंगो विद्यापीठात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण भारताच्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले. ज्याला एके काळी मायदेशाची सीमा ओलांडू दिली नाही, त्याचा सन्मान करण्यास मायदेश अशा रीतीने सातासमुद्रापलीकडे गेला.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण शेतकऱ्यांची लेकरे आहात. एखादे वर्षी शाळू नीट आला नाही म्हणजे वडिलांचे तोंड कसे उतरते, आणि पुढच्या सहामाहीच्या खर्चाची चर्चा घरात हळू आवाजात कशी चालते, हे तुम्हांस ठाऊक आहे. त्या वेळी दूरच्या पाणथळ प्रांताचे आकडे ऐकून आपल्या घराची लाज धरू नका. आधी विचारा की, आमच्या रानाच्या अंगी काय आहे. मग विचारा की, जे आहे त्याचे आम्ही पुरते करतो की नाही. पहिल्या प्रश्नाने खोटी लाज जाईल. दुसऱ्याने खोटे समाधान जाईल.

आणि पालकांस एकच विनंती. मुलगा शिकला म्हणजे शेतीतून सुटला, असा समज आपल्याकडे फार आहे. खानखोजे तीन भूखंडांत हिंडले, लढले, हरले, आणि जे शिकले त्यातले शेवटपर्यंत कामी आले ते मातीचे ज्ञान. त्यांना ते आपल्या मातीस वेळेवर देता आले नाही, हे त्यांचे दुर्दैव. आपल्या मुलांस मात्र वर्ध्याहून मेक्सिकोस जाण्याची गरज नाही. त्यांची माती दाराशीच आहे, आणि तिच्या वाटेवर कोणतीही काळी यादी उभी नाही.